घरटी एक लाकूड

मोबाइल उलटा ठेव रे योगेंद्र, उजेड डोळ्यांत जातो. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे दात काढलेले चालणार नाहीत. ही ऐकीव गोष्ट नाही. भिला पाटलानं धानोऱ्याच्या याच ओट्यावर बसून चहा प्यायलाय. आणि ज्यानं या घराच्या खिडक्या केल्या तो मुनव्वर मिस्त्री अजून धडधाकट आहे. खोटं वाटलं तर त्याला विचारा.

लोणखेड्याच्या पुढं, गोमाईच्या काठावर आमखेडे म्हणून लहानसं गाव. त्या गावाची एक रीत होती. कुणी गेलं की घरटी एक लाकूड. सरणाचं लाकूड विकत आणायचं नाही. बैलगाडी गल्लीतून फिरायची आणि दारादारातून एकेक लाकूड मागच्या बाजूनं तीत पडायचं. कुणाच्या परड्यातला लिंब, कुणाचा मोडका नांगर, दगूबाईसारख्या गरिबाची नुसती बाभळीची काटकी. मुनव्वरच्या घरूनही लाकूड यायचं, आणि त्याच्याकडं मयत झाली की त्याच गाडीत कबरीच्या फळ्या पडायच्या. ज्या घरात माणूस गेलं, त्या घराचं मात्र लाकूड नसायचं. त्यांनी आधीच काय ते दिलेलं असायचं.

गाडी हाकणाऱ्यावर एकच बंधन होतं. स्मशानात पोचेपर्यंत मागं बघायचं नाही. कुणी जाड दिलं, कुणी बारीक, ते कुणाला कळू नये म्हणून. शहाणी माणसं होती ती.

ही गाडी भिलाच्या घरची, बापापासून. भिलाचं अर्धं आयुष्य गावाची लाकडं वाहण्यात गेलं. त्याला आणि कौसाबाईला एकच लेक झाली, चेतना. मुनव्वरनं तिला पांगुळगाडा करून दिला होता, तांबड्या चाकांचा. तो धरून पोरगी अंगणभर फिरायची. दीड वर्षाची झाली आणि गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्यामुळं तिच्यासाठी गाडी फिरली नाही. गोमाईच्या काठी पुरताना भिलानं पांगुळगाड्याचं एक चाक काढून तिच्या उशाशी मातीत ठेवलं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. चैत्र अमावास्येला कौसाबाई तापानं घरातच गेली. मुनव्वर तेव्हा नंदुरबारला दवाखान्यात, ऑक्सिजनवर. भिलानं स्वतःच गाडी जुंपली आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मागं बघितलं नाही. एकही दार वाजलं नाही. स्मशानात जाऊन बघतो तर गाडी रिकामी. शेवटी त्यानं गोठा मोडला आणि त्याच्या आड्यांवर बायकोला जाळलं. एकट्यानं. लोक घाबरले होते, कबूल. पण दार किलकिलं करून एक काटकी फेकायला काय जात होतं? भिलाचं काळीज त्या रात्री फाटलं ते फाटलंच. गावाशी बोलणं त्यानं सोडून दिलं.

आता ती रात्र ऐका. शुक्रवार, एकोणतीस एप्रिल, साल दोन हजार बावीस. उजाडलं की अमावास्या, कौसाबाईचं वर्षश्राद्ध. भिला दुपारीच गाडी घेऊन लोणखेड्याला गेला होता. बैलांच्या खुरांना पत्री मारायची होती, आणि गूळ, तूप, पत्रावळी घ्यायच्या होत्या. पत्री मारणाऱ्याकडं गर्दी, त्यात रात्र झाली. जगदीशचं किराणा दुकान बंदच होत होतं.

जगदीश म्हणाला, "भिलाभाऊ, पत्रावळी कितला देऊ? गाव जेवाले येई ना?"

"गाव कसाले येई? गाव तं तव्हय बी नही उनं. चार दे."

जगदीशनं चार मोजून दिल्या. काय बोलणार?

साडेअकराला भिला आमखेड्याच्या वेशीत शिरला. भारनियमन होतं, सगळी गल्ली काळीठिक्कर. एकही कुत्रं भुंकलं नाही. पहिलं घर मागं पडलं...

धप्.

गाडीत काहीतरी पडलं. भिलाची मान वळता वळता थांबली. सवयच तशी.

"कोन शे रे?"

दुसरं घर. धप्. बैलांनी माना खाली घातल्या. गाडी जड झाली होती. आधी भिलाला संताप आला. वरीसभर तोंड लपवलं आणि आता लाकडं देता? मग वाटलं, उशिरा का होईना, दिलं. कौसाच्या नावानं गावानं दिलं.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. ओला, लांबलेला खोकला... तो खोकला अख्ख्या गावाला ठाऊक होता. दिवाल्याचा. दिवाल्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याची लाकडं भिलानंच वाहिली होती.

"दिवाल्या?"

धप्.

पुढं शांतीलालच्या काठीची टकटक. तोही गेलेला. धप्. मग काचेच्या बांगड्या, आणि एक हलका आवाज. काटकीचा. दगूबाई...

भिलाला घाम फुटला. त्यानं मागं बघितलं नाही. ज्यांना ज्यांना त्यानं पोचवलं होतं, ती सगळी दारात उभी होती. त्याला ते न बघताच कळलं. तो रडत होता. कासरा ढिला पडला होता.

त्याचं घर आलं. बैल थांबले नाहीत. भिलानं थांबवलंही नाही. आपल्या दारातून लाकूड पडायचं नसतं...

टक्.

एवढासा आवाज.

मग काही नाही.

बैल आपणहून स्मशानात गेले आणि उभे राहिले. भिला उतरला. आता बघायला हरकत नव्हती. तरी त्याला वेळ लागला. वळला. मोबाइलची बॅटरी लावली.

गाडी रिकामी. गूळ. तूप. चार पत्रावळी. आणि फळीवर एक तांबडं चाक, मुठीत मावेल एवढं.

सकाळी मुनव्वर आला तेव्हा भिला ओट्यावर बसलेला, चाक हातात. मिस्त्रीनं ते घेतलं, उलटंपालटं केलं आणि खालीच बसला.

"भिला... हाई मन्हा हातनं काम शे. तूच तं मातीम्हा ठेयं व्हतं ना, पोरना उशाशी?"

"हा."

"मंग?"

भिलानं नदीकडं बघितलं. मग म्हणाला, "मायकरता उनी चेतना, मिस्त्री. गावम्हा कोनी दार उघाडं नही, म्हनीसन."

मुनव्वरनं डोळे पुसले आणि चाक उजेडात धरलं. आसाच्या भोकात माती होती. बोटाला लागली. ओली होती, आणि गोमाई तर होळीपासून कोरडी.