नांदतं बंदर

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर लग्न लागत होतं. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, आणि नेमक्या त्याच वेळी जाई तांडेलने सनईच्या सुरांखाली वादळाचा भोंगा हळूच सरकवला. वाढवत वाढवत तिने तो पार सनईच्या बरोबरीला आणला. शेजारच्या पडद्यावरची हिरवी रेघ जागची हलली नाही.

ती रेघ म्हणजे अख्ख्या कासारबंदर शहराची भीती. मोठ्या वादळातून वाचलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर सरकारी भयमापक पट्टी होती. नाडी, घाम आणि हाताचा कंप यांची खबर ती इथे कळवत असे. भीती चढली की तिच्यावरचा दिवा लाल होई, उतरली की हिरवा. शहर त्या वादळाला ‘थोरलं’ म्हणे. थोरलं म्हटलं की कधीतरी धाकटंही येणार, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

थोरल्यानंतर जे झालं ते थोरल्याहून वाईट होतं. ताडपत्री फडफडली तरी माणसं घर सोडून पळत. एकदा नुसती चाचणी म्हणून भोंगा वाजवला, तर मासळीबाजारातून अशी धावाधाव झाली की जेटीच्या पुलावर माणसांखाली माणसं चिरडली. जाईची आई त्यांतली एक. वादळातून जगलेली बाई भोंग्याने मेली. जाईचा बाप हिराजी, उभी हयात समुद्रावर काढलेला माणूस, त्यानंतर छपराखाली झोपेना. भिंतीचा काय भरवसा, म्हणे.

तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ डॉ. यशोधर फाटक यांनी ही मालिका काढली. एकेकाला समोर बसवून बरं करायचं तर त्यांना सात जन्म पुरले नसते. सगळ्या शहराला एकदम औषध पाजायचं, तर ते घराघरात जाणाऱ्या वाटेनेच पाजायला हवं. म्हणून ‘नांदतं बंदर’: वादळानंतर पुन्हा उभं राहणारं शहर, त्यातली भांडणं, बारशी, डोहाळजेवणं. रोज दुपारी जेवणं आटोपली की लागे. गोष्ट लिहायचं ते कथायंत्र, आणि यंत्राला आज्ञा एकच होती, रेघ खाली आण. ज्या आवाजाने रेघ उसळे तो आवाज यंत्र हुडकून काढी आणि एखाद्या गोड प्रसंगात पेरायला सांगी. पेरायचं काम जाईचं. आधी अगदी बारीक, मग जरा मोठा, मग सनईएवढा.

चित्रीकरणासाठी शहराच्या वर, उंच सड्यावर, कातळाच्या पठारावर, नियंत्रण कक्षाशेजारीच जुनं कासारबंदर पुन्हा बांधलं होतं. प्लायवूडचं, पण लोकांना विचारून विचारून केलेलं. रविवारी माणसं मुलाबाळांसह येऊन आपापलं घर बघून जात. हिराजीने तर समोर उभं राहून आपल्या घराचं दार निळं रंगवून घेतलं होतं. वारा उठला की त्यांच्या आळीत दाराची कडी होडीच्या दोराने आतून बांधत. ती गाठसुद्धा त्याने नटाला शिकवली. मालिकेत ती गाठ बसली की समजावं, आता घरात काहीतरी चांगलं घडणार. पुढे एके दिवशी हिराजी खरोखरच घरात, छपराखाली, घोरत पडलेला जाईने पाहिला आणि ती ढसाढसा रडली. आपण बापाला परत मिळवला, असं तिला वाटलं होतं.

दार धाडकन उघडलं. हवामान केंद्राच्या प्रमुख सलमा मुकादम आत आल्या. बाई एरवी हसतमुख, आज चेहरा पार ओढलेला.

“डॉक्टर, तुमच्या पेशंटांना झालंय तरी काय? नवं वादळ किनाऱ्याकडे वळलंय. संध्याकाळी ऐन भरतीच्या वेळी धडकेल. खालचं शहर पाण्याखाली जाणार. सकाळपासून भोंगा वाजवतेय मी, एक माणूस जागचा हलत नाही!”

“एकही नाही?” जाईने विचारलं.

“एका बाईने भोंगा ऐकून शेवयांची खीर टाकली गॅसवर. पोलिसांना म्हणते, बसा की साहेब, आज कुणाचं लग्न आहे बघूया.”

डॉ. फाटकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मघापासून तेही त्या हिरव्या रेघेकडे कौतुकाने बघत होते.

“भीती ही शिकलेली गोष्ट असते, मॅडम. भोंग्यामागून मरण येतं, हे ही माणसं एका दिवसात शिकली. ते आम्हाला पुसता येत नव्हतं. म्हणून आम्ही त्याच्यावर दुसरं लिहिलं. भोंग्यामागून लग्न आणलं, रोज आणलं.”

“पण वादळ येतंय हे त्यांना कळत नाही का?”

“कळतं की. विचारा, बरोबर सांगतील. पण नुसतं कळून माणूस खुर्चीतून उठत नाही. उठवते ती भीती. ती आम्ही काढून घेतली.”

जाईने तोवर बापाला फोन लावला होता. “बा, ताबडतोब वर ये. वादळ आहे.”

“ठाऊक आहे गो. समुद्राचा रंग बघितला मी सकाळीच,” हिराजी शांतपणे म्हणाला. “लग्न आटपू दे, मग बघू.”

जाईने फोन खाली ठेवला. समुद्राचा रंग बघून जो माणूस सगळ्या आळीच्या होड्या वर ओढायला लावी, तो हे बोलत होता. आणि त्याच्या तोंडी ते बोलणं तिनेच घातलं होतं, रोज थोडं थोडं.

तिने कथायंत्राला विचारलं, लोक अजून कशाला भितात? यंत्राने गेल्या काही महिन्यांचा आलेख उलगडून दाखवला. इकडून तिकडे सपाट, आणि मध्येच एक उंच सुळका.

“हा कुठला आवाज?” सलमाबाईंनी विचारलं.

“आवाज नाही तो,” जाई म्हणाली. “गणपतीत प्रक्षेपण मध्येच बंद पडलं होतं. अर्धं शहर सडा चढून वर आलं होतं. इथे आपल्या दरवाजाशी उभे राहून विचारत होते, काय झालं, काय झालं?”

“वर आले होते? अहो, मग निवारा वरच तर आहे! काँक्रीटचा, सगळं शहर मावेल एवढा. तुम्ही त्यांना नुसतं वर आणा, आत घालायचं माझ्याकडे लागलं.”

“थांबा,” डॉ. फाटक म्हणाले. “भ्यायलेला माणूस कुठे जाईल याचा आपण कधी...”

जाई थांबली नाही. नवरी मामाच्या पाया पडायला वाकली होती. तिने कळ ओढली. शहरातले सगळे पडदे काळे झाले.

हिरवी रेघ क्षणभर तशीच राहिली, मग थरथरली आणि सरळ वर गेली. जाईने आनंदाने टाळी वाजवली. दुसऱ्यांच्या भीतीचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

माणसं आली. घाटरस्ता भरून आली. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन, पोरांना बखोटीला धरून, पातेली, कोंबड्या, देव घेऊन आली. या खेपेला ढकलाढकली नव्हती. वारा अंगातले कपडे ओढत होता आणि सड्यावरचं गवत जमिनीला टेकलं होतं. सड्यावरच्या तिठ्यावर सलमाबाई कर्णा घेऊन उभ्या होत्या. डावीकडे निवारा, उजवीकडे मालिकेचं गाव.

पहिलं कुटुंब उजवीकडे वळलं. मग दुसरं. मग सगळेच.

“डावीकडे! अहो, डावीकडे!” सलमाबाई घसा फोडून ओरडत होत्या. पोलिसांनी हात धरून ओढून पाहिलं. माणसं हात सोडवून घेत आणि पुन्हा उजवी वाट धरत. वाट चुकल्याचं कुणाच्याही चेहऱ्यावर नव्हतं.

डॉ. फाटक जाईच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हता. “वारा, भोंगा, लाटा... सगळं आपण त्यांना त्या घरांत ऐकवलं. भ्यायलेला माणूस जाणार कुठे? जिथे त्याची भीती जाते तिथे.”

जाई धावत सुटली. प्लायवूडच्या गल्ल्यांत माणसं आपापल्या घरात शिरून सामान लावत होती. कुणी देव मांडत होतं, कुणी पोराचं तोंड पुसत होतं. निळं दार उघडंच होतं.

“बा, चल. निवाऱ्यात चल. हे घर नाही, बा, ह्याला मागे भिंतसुद्धा नाही!”

“भिंतीचा काय भरवसा?” हिराजी हसला. “ये गो बाय. आत ये, वारा लागतोय.”

त्याला ओढत न्यायचं ठरवून ती आत शिरली. तिच्यामागे त्याने दार लोटलं, कमरेचा दोर सोडला आणि कडीला घातला. दोन वेढे, एक पीळ, आणि शेवटी दाताने ओढून गाठ. खालच्या शहरात भोंगा पुन्हा सुरू झाला.

जाईने बापाचं मनगट धरलं. त्याच्या पट्टीवरचा दिवा हिरवा होता. तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. हिरवा. मघाशी गल्लीत लालभडक होता. एकेक प्रसंग दहा दहा वेळा ऐकून तिने तो भोंगा सनईत मिसळला होता. ह्याच दारापाशी, ह्याच गाठीवर. कासारबंदरात कुणाहीपेक्षा जास्त वेळा तो तिने ऐकला होता.

घराला मागची बाजू नव्हती. तिथून निवारा स्वच्छ दिसत होता. दारं सताड उघडी, आत दिवे लागलेले, आणि एकही माणूस नाही. सरळ चालत गेलं तरी पोचता आलं असतं. हे तिला पक्कं कळत होतं. समोरची प्लायवूडची भिंत फुगतेय, खिळे एकेक करून सुटतायत, हेही कळत होतं. छाती धडधडायची ती वाट बघत राहिली. धडधड आली नाही.

“बस गो,” हिराजी म्हणाला. चटई त्याने अंथरलीच होती.

ती बसली. पाय पोटाशी घेऊन बापाला टेकली. शेजारच्या घराचं छप्पर उचललं गेलं, आणि तिथली बाई कुणाला तरी पानं मांडायला सांगत होती.

“आज कुणाचं लग्न आहे, बा?” जाईने विचारलं.