वळणावरचे दगड

निघताय ना रात्रीचे कळवणला? निघा, मी अडवत नाही. चहा होईस्तोवर आमच्या वणीच्या निवृत्तीचं ऐका. आणि हर्षल, तू हसू नकोस, माणूस माझ्या शेजारचा आहे.

गेल्या पौषातल्या अमावस्येची रात्र. कांद्याची रोपं कळवणला पोचवून तो रिकामा पिकअप घेऊन परतत होता. याच रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी त्याचा लखन गेला. पोराला गाडी बापानंच शिकवलेली. रोज एकच सांगणं, समोरचा चुकणार असं धरूनच चालायचं. पोरगंही तसंच चालवायचं. पण कुणाचा तरी बंद पडलेला ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला आणि चाकामागे लावलेला दगड रस्त्यातच राहिला. अंधारात लखनची मोटरसायकल त्यावर गेली. तिचा निळा रंग लागलेला तो दगड निवृत्तीनं स्वतःच्या हातांनी दरीत फेकला. त्यानंतर तो कधी रडला नाही. त्या ट्रकवाल्याला मात्र उठल्याबसल्या शिव्या द्यायचा.

तर त्या रात्री, घाटात, नेमका लखन गेला त्याच वळणावर टायर बसला. चढ होता म्हणून त्यानं मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. टायर बदलला. अंग गारठलेलं, ती जागा नकोशी झालेली. घाईघाईनं चढून बसला आणि निघाला.

मागे आवाज आला. दगड ओढल्याचा.

त्यानं आरशात पाहिलं. मागच्या लाल उजेडात कुणीतरी वाकलेलं. दगड उचलत होतं. कडेला ठेवत होतं.

तेव्हा निवृत्तीच्या ध्यानात आलं. दगड... आपण रस्त्यातच सोडले.

गाडी थांबली. ती पाठ ओळखीची होती.

"लखन?"

...

"माझं बी चुकलं रे, पोरा."

...

पुन्हा पाहिलं. कुणी नव्हतं.

तो बॅटरी घेऊन उतरला. रस्ता मोकळा होता. तेवढ्यात खालून एक मोटरसायकल आली. नवरा, बायको, मधे झोपलेलं लेकरू. वळण घेऊन सुखरूप निघून गेली. निवृत्ती तिथंच खाली बसला आणि दोन वर्षांचं साचलेलं रडला.

कडेला दगड एकावर एक नीट रचलेले होते. त्यानं दोन लावले होते. तिथं तीन होते.

सगळ्यात वरच्याला निळा रंग लागलेला होता.