पोट बिघडल्याचं निमित्त

आश्लेषानं अंगणाचं फाटक हळूच लोटलं. गेस्ट हाउसमध्ये आता कुणीच नसणार याची तिला खात्री होती. राधिका आणि यतीन, तिचे शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे शेजारी, हत्ती बघायला गेले होते. ही मात्र पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिली होती. पोट ठणठणीत होतं. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला, नारळाच्या दुधातला गोड भात होता... अजून गरम.

व्हरांड्यात श्रीरंग बसला होता.

यतीनचा हा कॉलेजमधला मित्र बॉस्टनजवळच्या श्रूजबरीहून आला होता, आणि तिच्या नकळत तोही पोट बिघडल्याचं सांगून मागे राहिला होता. त्याच्यासमोर तांबड्या रश्श्यातल्या नूडल्सचं मोठं वाडगं होतं.

"तुमचं... पोट?" त्यानं विचारलं.

"आणि तुमचं?"

दोघंही एकदमच हसत सुटली.

"काय करणार, यार," तो म्हणाला. "यतीननं सुट्टीचंसुद्धा शेड्यूल प्रिंट केलंय. रिलॅक्स कधी करायचं, तर दुपारी दोन ते अडीच!"

"मी त्याला सांगेन हं."

"मग मी तो भात दाखवीन."

"नको... अर्धा घे," ती म्हणाली, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

थायलंडमधलं हे च्यांग माय शहरच तसं होतं. नोव्हेंबरचं कोवळं ऊन, पलीकडे धुक्यात अर्धा बुडालेला डोंगर, भिंतीवरून डोकावणारा चाफा. कुणी कुणाला हाक मारली तरी ती मऊच वाटायची. रोज सकाळी डेडलाइनच्या धसक्यानं जागी होणारी आश्लेषा इथे पाखरांच्या आवाजानं जागी व्हायची, आणि तरी उठायची नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघांची पोटं बिघडली.

"दोघांचीही? पुन्हा?" राधिका व्हॅनमध्ये चढता चढता म्हणाली. "साथच आलेली दिसते. सांभाळा हं!"

श्रीरंग फारसा बोलायचा नाही. पण त्याच्याकडे बघत बसावंसं वाटायचं. फळवाल्या आजीला तो दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा. पपनस सोलायला घेतलं की प्रत्येक फोडीवरची पांढरी साल सावकाश काढायचा आणि फोडी न विचारता तिच्या बशीत ठेवायचा. इतका निवांत माणूस तिनं अमेरिकेत पाहिलाच नव्हता.

"ऑफिसवाले पुण्याला परत जातोस का विचारतायत," एका दुपारी तो म्हणाला. "डिसेंबरमध्ये उत्तर द्यायचंय."

"मग? जाणार?"

"बहुतेक. पुण्यात मित्र तरी आहेत. श्रूजबरीत माझी वाट बघतं ते फक्त बर्फ काढायचं फावडं."

'नेपरव्हिलमध्ये—' असं तिच्या ओठांवर आलं. पण ती म्हणाली, "पपनस गोड आहे."

शेवटच्या दिवशी दोघं गल्लीच्या टोकाच्या देवळात गेली. एक म्हातारे भिक्खू आलेल्या माणसांच्या मनगटावर पांढरं सूत बांधत होते. श्रीरंगला त्यांनी बांधलं. आश्लेषानं हात पुढे केला तेव्हा मात्र ते थांबले. भिक्खूंनी स्त्रीला स्पर्श करायचा नसतो. त्यांनी हसून तो दोरा श्रीरंगच्या हातात दिला.

"मी?" तो कानापर्यंत लाल झाला.

त्यानं एक गाठ मारली, मग आणखी एक, मग आणखी एक.

"अरे, पार्सल बांधतोयस का?"

"सुटायला नको," तो खाली बघतच म्हणाला.

"कापू नका," भिक्खू मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले. "आपोआप सुटेल तेव्हा सुटू द्या."

परतताना विमान बदलायच्या विमानतळावर दोघंही चार माणसांसारखंच बोलली.

"ये कधी नेपरव्हिलला."

"येईन ना."

तो बॉस्टनच्या विमानाकडे वळला, ती शिकागोच्या.

फोन यायचे. श्रूजबरीतल्या बर्फाविषयी, यतीननं आखलेल्या पुढच्या ट्रिपविषयी बोलणं व्हायचं. पुण्याविषयी मात्र नाही. विचारावंसं वाटलं की आश्लेषा मनगटाकडे बघायची. दोरा मळला होता, पण गाठी पक्क्या होत्या. आहे तोवर काय घाई... ती स्वतःला समजवायची.

आणि डिसेंबरमधल्या एका सकाळी, नेपरव्हिलच्या स्टेशनवर, तिनं हातमोजा ओढून काढला आणि दोरा त्याच्याबरोबर निघून आला. पायाजवळच्या पांढऱ्या बर्फात तो दिसेनासा झाला. ती तिथेच गुडघ्यावर बसली. सापडला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. शिकागोची गाडी आली आणि निघून गेली. ती चढलीच नाही. तिनं फोन लावला.

"श्रीरंग, दोरा सुटला."

"माझा आहे अजून," तो हळूच म्हणाला. "आश्लेषा... आज दुपारी त्यांना उत्तर द्यायचंय."

"डिसेंबर म्हणाला होतास. म्हणूनच फोन केला. जाऊ नकोस ना. इथे येऊन पुन्हा बांध. हव्या तेवढ्या गाठी मार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि किल्ल्यांचा.

"संध्याकाळचं फ्लाइट मिळेल बहुतेक. ऑफिसात सांगतो, पोट बिघडलंय."

ती रडता रडता हसली. "आणि पुणे?"

"पुण्यालाही तेच सांगतो."