मुठीच्या मापाचं टेबल

खोकं दवाखान्याचं समजूनच ताईने उघडलं. सकाळचा चहा अजून हातात होता, आणि छापखान्यातून आलेल्या त्या कोऱ्या करकरीत कार्डांवर तिच्या धाकट्या भावाचं नाव होतं... एकट्याचं! खाली ‘कायरोप्रॅक्टर, मणक्यांचे उपचार’, आणि पत्ता पलीकडच्या रस्त्यावरचा.

चहा निवून गेला तरी ती तशीच उभी होती. बाबा गेले तेव्हा हा शाळेत होता. ती नुकती पदवी घेऊन आलेली; ठरलेलं लग्न मोडून तिने बाबांचा दवाखाना उघडा ठेवला, याला शिकवलं, आणि हा शिकून आल्यावर पेशंटच्या पाठीवर याच्या हातावर हात ठेवून कुठला सांधा अडलाय ते ओळखायला लावलं. बाबा सहा फुटांचे, ही जेमतेम पाच. त्यांच्या मापाचं ते उंच टेबल तिने कधी बदललं नाही. लाकडी पाटावर चढून, वाकून, सतरा वर्षं लोकांच्या पाठी सरळ केल्या आणि स्वतःची मोडत आणली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. टेबल बदलूया असं भाऊ तीनदा म्हणाला होता आणि तिन्ही वेळा तिने त्याला झिडकारलं होतं.

दवाखान्यात पहिलाच पेशंट बसचा ड्रायव्हर. टेबलावर पालथा पडल्या पडल्या त्याने सहज सांगून टाकलं की धाकट्या डॉक्टरांची नवी जागा हवेशीर आहे, आणि सुतारकाकांनी काम झकास केलंय. म्हणजे साऱ्या रस्त्याला ठाऊक, घरात मात्र हिलाच पत्ता नाही! अन् सुतारकाकासुद्धा त्यात? मागच्या महिन्यात पाठ दाखवायला आले तेव्हा हसत हसत त्यांनी जमिनीपासून तिच्या खाली सोडलेल्या मुठीपर्यंत टेप लावली होती. नवा पाट किती उंच हवा ते बघत असतील, असं वाटून तिने त्यांचे आभारही मानले होते. पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ, आणि त्यानेच केसाने गळा कापावा... तिला पाटावर उभं राहवेना.

दुपारी दवाखाना बंद करून ती तडक नव्या जागेत गेली. रंगाचा वास अजून ओला होता. भाऊ खिडकी पुसत होता. तिला पाहून त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिने कार्ड त्याच्यासमोर धरलं.

“माझं काय चुकलं ते तरी सांग,” ती म्हणाली.

तो फडकं उचलायला वाकला. तिची नजर मग टेबलाकडे गेली. केवढं ठेंगणं! या ताडमाड माणसाला त्यावर काम करायचं तर गुडघेच टेकावे लागतील. ती जवळ गेली, आणि सवयीने तिने मूठ वळून हात सैल सोडला. बाबांनीच शिकवलेली खूण होती ती: मूठ टेकली की उंची बरोबर.

मूठ टेकली...

“माझं टेबल आतल्या खोलीत आहे,” भाऊ खालच्या मानेने म्हणाला. “हे तुझं. आधी सांगितलं असतं तर तू बाबांचं टेबल उचलून इकडे आणलं असतंस.” मग फडकं चुरगाळत, “खोटं नाही बोलत ताई... मला माझी पाटीही हवी होती.”

“मग कार्डावर माझं नाव का नाही?”

“तुला न विचारता कसं घालणार?”

“जागा न विचारता घेतलीस, टेबल न विचारता केलंस, आणि नावालाच तेवढी परवानगी हवी होती?” तिचा आवाज चढला. “गावभर सांगितलंस. मी कोण होते रे तुझी?”

तो हमसून रडू लागला. तिने पुढे होऊन त्याला जवळ घेतलं नाही. सकाळपासूनची कळ अजून उरात तशीच होती. तिने फक्त टेबलावर थाप मारली.

“पड इथे. खिडकी पुसताना डावा खांदा उचलत होतास.”

तो पालथा पडला. टेबलाच्या भोकात चेहरा घातलेल्या त्या दांडग्या पोराची आसवं खालच्या नव्या फरशीवर टपटपू लागली.

“हलू नकोस. मी अजून रागावलेली आहे,” ती म्हणाली, आणि तिने त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले. पाट शोधायला तिचा पाय नेहमीसारखा पुढे गेला. पाट नव्हता. सतरा वर्षांनी ती जमिनीवर उभी राहून काम करत होती.