बोरीच्या जत्रेतला हॅलोजन

सुभाष दारू पीत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून लोक तेच विचारतात.

घडलं ते बोरी बुद्रुकला, यंदाच्या चैत्रातल्या जत्रेत. त्याच्यासोबत काम करणारा रखमाजी तिथं हजर होता. आजही विचारा त्याला.

सुभाष तमाशाच्या फडात लाइटी लावतो. त्याची बायको द्रौपदा त्याच फडात गवळण गायची. स्टेजमागं डिझेलचा जनरेटर, त्याला लागूनच बायकांची राहुटी. वर्षानुवर्षं तो धूर तिच्या छातीत गेला.

"आवो, तेवढा धूर बंद करा," ती म्हणायची. "मग शंभर वर्षं गाते बघा."

धूर बंद झाला. पण ती गेल्यावर.

सुभाषनं मालकाच्या मागं लागून सगळ्या लाइटी एलईडी केल्या. ट्रकच्या टपावर सोलर. दिवसा बॅटरी भरायची, रात्री खेळ. त्या दिवशी बोरीला नव्या लाइटींचा पहिलाच खेळ होता.

दिवस मावळता मावळता त्यानं टेस्टिंगला लाइटी लावल्या. सोंगाड्या रखमाजी स्टेजवर उभा राहिला.

"सुभाषराव, लईच गोरा दिसतोय की मी! बायकू वळखायची न्हाई, घरात घ्यायची न्हाई."

"तशी तरी कुठं घेती?"

रखमाजी हसत खाली उतरला. स्टेज मोकळं झालं.

आणि मग…

टक्.

फळीवर पायाचा अंगठा आपटल्यासारखा आवाज. मग एक पाऊल. पुन्हा टक्. पुन्हा पाऊल.

स्टेजवर कुणीच नव्हतं.

जनरेटर असता तर हे ऐकूच आलं नसतं. आता धडधड नव्हती. सगळं ऐकू येत होतं.

सुभाषच्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही. त्यानं ती चाल ओळखली. मोतीबिंदूनं द्रौपदाला शेवटी शेवटी दिसत नव्हतं. अंगठ्यानं फळी चाचपत ती यायची.

"तुमची लाइट गालाला लागली, की मला जागा कळती," म्हणायची.

पूर्वीचा हॅलोजन तापायचा. ही नवी लाइट थंड होती.

पावलं स्टेजभर फिरत होती. थांबत होती. वळत होती…

तिला जागा सापडत नव्हती.

सुभाष ट्रककडं पळाला. भंगारात द्यायला काढलेला जुना हॅलोजन आणला. तो एकटाच सगळ्या नव्या लाइटींएवढी बॅटरी खाणार होता. तरी त्यानं लावला.

"द्रौपदा… हिकडं. हिकडं ये."

टक्. पाऊल. टक्. पाऊल.

उजेडाच्या मधोमध येऊन ती थांबली. फळी किंचित दबली.

सुभाष रडायला लागला.

तेवढ्यात डावीकडून आणखी एक पाऊल वाजलं.

मग मागून. मग भरभर, कितीतरी. अनवाणी. जड. एक लंगडत आलेलं.

रखमाजीनं सुभाषचा दंड धरला. "ही सोमाजीची चाल हाय… ढोलकीवाल्याची. गेला की रं तो!"

सगळी पावलं त्या उबेत येऊन थांबली. फळ्या खाली वाकल्या.

"द्रौपदा, ह्यात तू हाईस ना?"



फळ्या स्टेजच्या कडेकडं वाकत आल्या. सुभाषच्या बाजूला…

"बंद कर! सुभाष, बंद कर!" रखमाजी ओरडला.

सुभाषनं बटण दाबलं. पावलं पुन्हा पांगली. टक्… टक्… टक्… चारी बाजूंनी.

त्या दिवशी खेळ झकास झाला. धूर नाही, आवाज नाही म्हणून गाव खूष होतं. सुभाषला मात्र कळेना, पहिलं आलेलं पाऊल द्रौपदाचं तरी होतं का?

माझीही बायको गेली आहे. म्हणून असेल, हे त्यानं मला सांगितलं. मी विचारलं, "मग पुन्हा लावलास का हॅलोजन?"

"न्हाई. लावला तर कोण कोण येईल, काय सांगावं? आन न्हाई लावला, तर ती तशीच चाचपडत… टेस्टिंगच्या टायमाला मी स्टेजकडं पाठ करून बसतो, भाऊ."

"मग आता काही होत नाही ना?"



"लाइट तर थंड हाय," तो म्हणाला. "पण पाठीला माणसाची ऊब लागती."