सविताबद्दल बाहेर काय सांगायचं?

महेश योगिनीला पहिल्यांदा दिसला तो नको त्या जागी उभा असलेला. खो-खोच्या ऐन मैदानात, गळ्यात कॅमेरा, आणि समोरून धावत येणाऱ्या मुलींचं त्याला काही सोयरसुतक नाही.

"अहो कॅमेरावाले, बाजूला व्हा. नाहीतर उद्याच्या पेपरात तुमचाच फोटो येईल," योगिनी म्हणाली.

तो बाजूला झाला आणि हसला. त्या हसण्यात माफी कमी आणि चौकशी जास्त होती. जानेवारीचा गारठा, दूर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर… आणि योगिनीला उगाच वाटून गेलं, की हा माणूस एवढं काय बघतोय?

नाशिकरोडच्या त्या कॉलेजात योगिनी मुलींच्या संघाची नवी कोच होती. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली. आवाज खणखणीत, पण पोरींवर जीव असा की कुणाला कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. त्या दिवशी संघ हरला, तोही सवितामुळे. पेठ तालुक्यातली ही काटक पोरगी गेल्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होती, यंदा तिला काय झालं होतं कोण जाणे.

सामना संपल्यावर महेश वही काढून उभा. "मॅडम, सविताचं काय बिनसलंय?"

सविता तिथेच खाली मान घालून बसली होती. योगिनीने एकदा तिच्याकडे बघितलं. "तब्येत बरी नाही तिची," ती म्हणाली. "अंगात ताप आहे."

"कोच लोकांच्या खेळाडूंना हरल्यावरच ताप कसा येतो हो?"

"आणि पत्रकारांना हरल्यावरच प्रश्न कसे पडतात?"

तो पुन्हा हसला, पण दुसऱ्या दिवशी छापलं मात्र योगिनीने सांगितलं तेच. सविताचा फोटो, आणि खाली तापाची बातमी.

मग तो देवळाली कॅम्पवरून रोज सकाळी त्याच्या एम-एटी स्कूटरवर यायला लागला. निमित्त खो-खोचं. सराव संपला की गेटजवळच्या टपरीवर दोघांचा चहा व्हायचा.

"खरं काय आहे?" एकदा त्याने विचारलंच. "छापायला नाही… मला कळायला हवंय."

"सगळंच कसं हो कळायला हवं तुम्हाला?"

"सगळं नाही. थोडंच. ते तुमच्यापाशी आहे."

योगिनीने चहात बघत सांगितलं. एका सामन्यात सविता खो मिळायच्या आधीच उठली. फाऊल झाला, सामना गेला. तेव्हापासून पाठीवर थाप पडली तरी तिला खात्री वाटत नाही. क्षणभर थांबते, तेवढ्यात समोरची निसटते.

"हे छापलं तर उद्या सगळे संघ तिच्याच बाजूने पळतील," योगिनी म्हणाली. "आणि पोरगी मोडून पडेल."

"म्हणजे तापच बरा."

"बराच की."

असं म्हणाली खरी, पण हल्ली स्वतःच्याच बाबतीत तिला काही कळेनासं झालं होतं. सकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत तिचे डोळे गेटकडे असायचे. तो तिला आवडायला लागला होता, दुसरं काय.

आणि विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी सविताचे आईवडील मैदानात येऊन उभे राहिले. भागीबाई आणि जयराम हंगामाला पिंपळगावकडच्या द्राक्षमळ्यात मजुरीला होते. पेट्यांत घालायच्या रद्दीत भागीबाईला लेकीचा फोटो दिसला, आणि मुकादमाने खालची बातमी वाचून दाखवली.

"पोरीला घरी न्यायला आलो," जयराम म्हणाला. "ताप पार पेपरात छापून आला, आन आमाला कुनी सांगंना. जीव हाय तर खेळ हाय."

सविता आत्ता गेली असती, तर विद्यापीठाचा संघ तिच्या हातून कायमचा गेला असता.

महेश चहाचा पेला ठेवून पुढे आला. "चूक माझी आहे, बातमी मीच—"

"थांबा," योगिनी म्हणाली. "बोलले मी होते." संघातल्या सगळ्या मुली ऐकत होत्या. "तिला ताप नव्हता. तिचा खेळ बिघडलाय, म्हणून मी खोटं सांगितलं. तिला बोल लागू नये म्हणून."

भागीबाईने तरीही लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाय, आये," सविता म्हणाली. मग योगिनीकडे वळली. "मॅडम, तुम्ही ताप सांगितला ना… तेव्हा मला वाटलं, ही पोरगी आता सुधारायची नाही असं तुम्ही ठरवूनच टाकलंय."

जिला जपायचं, तिलाच योगिनीने कधी विचारलं नव्हतं. "मग काय सांगायचं होतं मी, सविता?"

"मला उठायला उशीर होतोय, हे सांगा. आणि… मी त्यावर मेहनत घेतेय, हे पण सांगा."

"बाकीच्या संघांना कळेल की."

"त्यांना कधीचंच कळलंय, मॅडम. आपणच बोलत नव्हतो."

मुली हसल्या. जयरामलाही हसू आवरेना. "मंग उद्या पळताना बघूनच जातो," तो म्हणाला.

महेशने वही उघडली, पण योगिनीला नाही, सविताला विचारलं, "लिहू?" ती हो म्हणाल्यावरच त्याने पेनाचं टोपण काढलं. ते बघताना योगिनीला एकाएकी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सविता एकदा उशिरा उठली, मग वेळेवर उठली, मग पुन्हा एकदा चुकली. तिची निवड राखीव खेळाडूंत झाली. राखीव म्हणजे काय ते भागीबाईला कळलं नाही, पण तिने सगळ्यांच्या हातावर द्राक्षं ठेवली.

मैदान रिकामं झाल्यावर महेश गाडीला टेकून उभा राहिला. "घरी विचारतात, रोज सकाळी कुठे जातोस…"

"मग काय सांगितलंत?"

"खो-खोवर लेखमाला लिहितोय."

"हा तर तापच झाला."

"म्हणून तर विचारतोय. गोष्ट तुमचीही आहे… बाहेर काय सांगू?"

योगिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "खरं असेल ते सांगा."

"मला माझ्या बाजूचंच खरं ठाऊक आहे. तुम्ही आवडता मला."

"माझ्या बाजूलाही तेच आहे," ती म्हणाली. मग वर पाहून, "तुमच्या आईला तुम्ही सांगा. माझ्या आईला मी सांगते."