बाकावरची दुसरी जागा

आवडता खेळ कोणता, असं माझ्या वयाच्या बाईला कुणी विचारतं का हो? माझा धाकटा भाऊ विचारायचा. मी दिवसभर पडदे शिवून यायची, तो लिफ्ट दुरुस्त करून यायचा, आणि जेवणं उरकली की टीव्हीसमोर आमची तीच चर्चा. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून एका घरात आम्ही दोघं. टीव्हीला जोडायचा गेमचा डबा हीच काय ती आमची करमणूक.

"बंदुकीचे खेळ माझ्या डोक्यात जातात," तो म्हणायचा. "शंभर माणसं मारायची आणि वर आपणच शहाणे."

"आणि गाड्यांचे?"

"ते तुझ्यामुळे बंद पडले. वळण आलं की तू सोफ्यावर आडवी. गाडी राहते सरळ, ताई, तूच वळतेस."

चोरून खेळायचा त्याचा खेळ म्हणजे केक सजवायचा, लहान मुलींचा. एकदा मी अचानक आत आले तर याने रिमोट उशीखाली दडवला. "कुठे बोलू नकोस," म्हणाला. "लिफ्टवाल्यांत माझी काही इज्जत आहे."

"आणि मी त्या भाजीच्या मळ्याला पाणी घालत बसते, त्याचं काय?"

"तुझी मुळात नव्हतीच."

पण आमचा दोघांचा लाडका खेळ वेगळा होता. जुना, कुणी न घेतलेला, दुकानाच्या कोपऱ्यातल्या टोपलीत धूळ खात पडलेला. "गुणी पोरगी आणि स्थळ येत नाही, तसं झालंय याचं," धाकटा म्हणायचा. त्यात एक मोठं ओसाड घर आहे. एक माणूस चालतो आणि एक मुलगी त्याच्यासाठी दिवा धरते. माणूस त्याचा, मुलगी माझी. दिव्याचा उजेड दोन-चार पावलांपुरता, आणि उजेडाबाहेर माणूस पाऊलच टाकत नाही. सबंध खेळात संगीत नाही. फक्त कुठेतरी पाणी ठिबकत असतं. बोलायची सोय नाही, पण एक बटण दाबलं की माणूस हात वर करतो. धाकट्याने दोनदा हात वर केला, म्हणजे "ताई, पुढे हो."

मधून मधून लाकडी बाक येतात. दोघांना बाकावर बसवलं तरच खेळ लक्षात ठेवतो कुठवर आलो ते. बसवल्याशिवाय बंद करायचं नाही, हा आमचा नियम. शेवटच्या बाकाच्या पुढे लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला बंद दार. ते दार आम्ही कधीच उघडलं नव्हतं.

"शेवट बघितला की खेळ कपाटात जातो," तो म्हणायचा. "राहू दे."

त्या संध्याकाळी मात्र तो फार दमून आला. दिवसभर लिफ्टच्या विहिरीत उभा होता. बूटही न काढता बसला आणि म्हणाला, "चल, आज बघूनच टाकू ते दार." आमची दोघं बाकावरून उठली, बोळात निम्म्यापर्यंत गेली, आणि याच्या हातातला रिमोट खाली पडला. डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, थट्टा करतोय.

मेंदूत रक्त साकळलं होतं. मग दवाखाना, नळ्या, यंत्रांचे आवाज. डॉक्टर एवढंच म्हणत, "वाट बघायची." मी बाहेरच्या खुर्चीवर बसून वाट बघायची. किती दिवस गेले ते विचारू नका. थकवा इतका, की पायातली चप्पल आपली की दुसऱ्याची तेही कळेना.

एका दुपारी सिस्टर म्हणाली, "ताई, घरी जाऊन अंग धुवून या. तुम्ही आडव्या झालात तर पलंग नाहीये आमच्याकडे."

दिवेलागणीला घरी पोचले. जिन्यात खालच्या काकू भेटल्या. हसल्या. "आला का भाऊ घरी? बरं झालं गं बाई."

"नाही हो काकू. तसाच आहे अजून."

काकूंचं हसू गेलं. "मग कालपासून तो आवाज... तुमच्या खेळाचा. पाणी ठिबकतं ना, तो."

त्या दिवशी मी सगळं तसंच टाकून धावले होते, डबा चालूच राहिला असणार, असं म्हणत मी कुलूप उघडलं. बंद घराचा कोंदट वास, आणि त्यात तापलेल्या वायरीचा. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. टीव्हीचा पडदा काळा, पण पाणी ठिबकत होतं. टप्... टप्. मी माझा रिमोट हातात घेतला तसा पडदा उजळला. बोळाच्या मध्यावर माणूस उभा, शेजारी दिवा घेतलेली माझी मुलगी. जिथे सोडलं होतं तिथेच.

बंद करायला गेले, पण मन होईना. बाकावर तरी बसवते, म्हटलं, बिचारा किती दिवस उभा आहे.

तेवढ्यात माणसाने हात वर केला.

थांबला. पुन्हा वर केला.

धाकट्याचा रिमोट सोफ्याखाली पडला होता, त्या दिवशी पडला तसाच. त्याच्यावरचा बारीक दिवा मात्र लागला होता. मी बघत राहिले. आणि काय सांगू, इतक्या वर्षांची सवय... माझा अंगठा आपोआप पुढे झाला. मुलगी दाराकडे निघाली. माणूस तिच्यामागे, पावलाला पाऊल लावून.

फोन वाजला. सिस्टर होती.

"ताई, घाबरू नका, पण... नाडी उतरतेय त्यांची. डॉक्टरांना बोलावलंय. आणि उजव्या हाताचा अंगठा हलतोय. सारखा. काहीतरी दाबल्यासारखा."

मी जागच्या जागी थांबले. मुलगीही थांबली. दार आता अगदी समोर होतं, त्याच्या फळ्यांमधल्या भेगा दिसत होत्या. माणसाने हात वर केला. दोनदा.

"अरे, नको..." मी म्हणाले.

पुन्हा दोनदा.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, जाऊ दे. दमलाय तो. मीही दमलेय. दोन पावलं दिवा पुढे धरला की सुटला बिचारा त्या नळ्यांतून. मग आठवलं, 'राहू दे' असं तोच म्हणायचा. मी फोन चालूच ठेवून मांडीवर टाकला आणि मुलीला मागे वळवलं.

तो हलेना. उजेड सरकला तसा तो अंधारात गेला, फक्त बूट दिसत राहिले. मी परत जवळ गेले. उजेडाची कड त्याच्या पायांना लावायची आणि जराशी मागे घ्यायची, असं करत राहिले. लहान मूल शाळेतून न्यावं तसं. "चल रे... चल माझ्या राजा..." कितीतरी वेळाने त्याने एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"सिस्टर... नाडी?"

"थांबा..." तिकडे धावपळ ऐकू येत होती. "चढतेय. ताई, चढतेय!"

माझ्या अंगठ्यात गोळे आले होते. बाक आला. माणूस टेकला, मान खाली घातली. आता मुलीला शेजारी बसवायचं, की झालं. मी बटण दाबलं. ती बसली नाही. पुन्हा दाबलं. दिवा घेऊन ती उभीच.

मी दिवा जरा वर धरला.

तिच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, परक्याच्या घरी बसावं तसं. उजेड त्याच्यावर पडत होता, पण तोंडाच्या जागी पोचत नव्हता. त्या खेळाचा कोपरा न् कोपरा आम्हाला पाठ होता हो. त्यात तिसरं माणूस नाहीच. मी बोळाच्या टोकाकडे बघितलं. दार उघडं होतं. आम्ही उघडलं नव्हतं.

पडद्याच्या कडेला ती छोटीशी खूण चमकून गेली. खेळाने लक्षात ठेवलं होतं. बाकावर दोघं बसलेली होती, त्याला तेवढं पुरलं.

पाण्याचा आवाज थांबला. मांडीवरून सिस्टर म्हणत होती, "आता शांत झोपलेत. ताई... ऐकताय ना?"

मी अंग न धुताच दवाखान्यात परत गेले आणि त्याच्या खोलीच्या काचेबाहेर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने डोळे उघडले, उजव्या हाताला उभ्या असलेल्या मला बघून हसला, आणि मग पलंगावर जरासा माझ्याकडे सरकून त्याने डाव्या बाजूला कुणालातरी बसायला जागा करून दिली.